विश्लेषण : बलूनमधील शास्त्रज्ञ ते कृष्णविवराचे झोत, व्हिक्टर हेस यांचा अर्धवट राहिलेला शोध काय आहे?

गरुड तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १८ हजार प्रकाशवर्षे दूर, ताऱ्यांची एक विचित्र जोडी आहे. एक फुगलेला महाकाय तारा आणि त्याला सतत ओरबाडणारी एक अतिघन वस्तू, बहुधा कृष्णविवर. ओरबाडलेल्या वायूतला काही भाग दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपात बाहेर फेकला जातो, तोही प्रकाशाच्या २६ टक्के वेगाने. या जोडीचे नाव ‘एसएस ४३३’. तिच्या झोतांतून येणारे अतिशक्तिशाली गॅमा किरण नेमके कोणत्या जागी तयार होतात, हे जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते शोधणाऱ्या आफ्रिकेतील दुर्बिणींचे नाव आहे ‘हेस’. ज्यांच्या आठवणीसाठी हे नाव जुळवून आणले गेले, ते व्हिक्टर हेस १९६४ मध्येच वारले. झोत सोडणारे जोडतारे असतात हे कळण्याच्याही आधी. मग या माणसाचा आणि त्या झोतांचा संबंध काय?

वनाधिकाऱ्याचा मुलगा

व्हिक्टर फ्रान्झ हेस यांचा जन्म २४ जून १८८३ रोजी ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात, पेग्गाऊजवळच्या वाल्डश्टाइन गढीत झाला. गढी सरदाराची, हेस यांचे वडील त्या सरदाराकडे वनाधिकारी होते. शाळा आणि विद्यापीठ दोन्ही ग्राझ शहरात झाले. १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

पुढे बर्लिनला जाऊन पॉल ड्रूड या नामवंत शास्त्रज्ञाकडे प्रकाशशास्त्र शिकायचे ठरले होते. हेस निघण्याच्या काही आठवडे आधी ड्रूड यांनी आपले आयुष्य संपवले आणि बेत बारगळला. हेस व्हिएन्नाला गेले. तिथे फ्रान्झ एक्सनर आणि एगॉन फॉन श्वाइडलर हे किरणोत्सर्ग आणि हवेतील विजेचा अभ्यास करत होते. हेस त्यात ओढले गेले. पोटासाठी पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवणे आणि बाकी वेळ संशोधन, असा काही वर्षे क्रम होता. १९१० मध्ये व्हिएन्नात रेडियम संशोधन संस्था सुरू झाली आणि हेस तिथे स्टेफान मायर यांचे सहायक झाले. बर्लिनचा बेत पार पडला असता तर कदाचित आपण हे नाव भिंगांच्या संदर्भात वाचले असते, किंवा वाचलेही नसते.

मिटणाऱ्या सोन्याच्या पानांचे कोडे काय होते?

त्या काळी भौतिकशास्त्रज्ञांना एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट छळत होती. विद्युतदर्शक नावाचे साधे उपकरण असते. काचेच्या बरणीत सोन्याची दोन पातळ पाने टांगलेली. त्यांना विद्युतभार दिला की पाने एकमेकांपासून दूर फाकतात आणि भार जाईल तशी मिटतात. बरणी कितीही घट्ट बंद करा, कोरडी ठेवा, पाने हळूहळू मिटतातच. म्हणजे आतल्या हवेतून वीज गळते. म्हणजे काहीतरी बाहेरून येऊन त्या हवेतील रेणूंचे तुकडे करते, त्यांचे विद्युतभारित आयन बनवते. बरणीभोवती शिशाची जाड भिंत उभारली तरी ते पूर्ण थांबत नव्हते.

रेडियमचा शोध नुकताच लागला होता. दगडमातीत किरणोत्सर्गी द्रव्ये असतात हेही कळले होते. तेव्हा उत्तर सोपे वाटले : हे किरण जमिनीतून येतात. त्या वेळी ठाऊक असलेल्या किरणांत सर्वात भेदक होते गॅमा किरण, म्हणून हेही गॅमाच असणार.

जमिनीतून येत असतील तर वर जावे तसे कमी व्हायला हवेत. १९१० मध्ये थिओडोर वुल्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याने स्वतः बनवलेला नाजूक विद्युतमापक पॅरिसला नेला आणि आयफेल टॉवरच्या माथ्यावर मोजणी केली. तीनशे मीटरवर आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा होता. खाली दर सेकंदाला दर घन सेंटिमीटरमागे ६ आयन तयार होत होते, वर साडेतीन. कमी झाले खरे, पण फारच थोडे. टॉवरचे लोखंडच किरण सोडत असेल, अशी शंका काहींनी काढली. स्वित्झर्लंडचे आल्बर्ट गॉकेल बलूनमधून वर गेले, त्यांनाही अपेक्षित घट दिसली नाही. पण उपकरणांचा भरवसा नव्हता, उंचीवर हवेचा दाब बदलला की आकडे डगमगत.

हेस यांचा वेगळेपणा इथे दिसतो. त्यांनी बलूनकडे धाव घेण्याआधी जमिनीवरच एक कंटाळवाणे काम उरकले. संस्थेकडे रेडियमचा मोठा साठा होता. तो एका जागी ठेवून वेगवेगळ्या अंतरांवर, ९० मीटरपर्यंत, किरण किती उरतात ते त्यांनी मोजले. हवा गॅमा किरणांना किती शोषते याचा आकडा हाती आला. त्यावरून जमिनीतले किरण सुमारे पाचशे मीटर उंचीवर जवळपास संपायला हवेत, हे पक्के झाले. मग त्यांनी दाब बदलला तरी न डगमगणारे, जाड भिंतींचे, हवाबंद विद्युतमापक तयार करवून घेतले. बलून नंतर आला.

७ ऑगस्ट १९१२ रोजी काय घडले?

हेस यांनी १९११ ते १९१३ या काळात दहा उड्डाणे केली. पहिली दोन १९११ मध्ये, सुमारे हजार मीटरपर्यंतची. त्यात फार काही हाती लागले नाही. १९१२ मध्ये सात झाली. त्यातले एक १७ एप्रिलचे. त्या दिवशी युरोपात सूर्यग्रहण होते. चंद्राने सूर्य बराचसा झाकला तरी मापकावरचे आकडे खाली आले नाहीत. हे किरण वरून येत असतील तरी सूर्यातून येत नसावेत, एवढे त्या एका उड्डाणाने सांगितले. दहा उड्डाणांतले मला सर्वात देखणे वाटते ते हेच. मोठे उड्डाण पुढचे असले तरी.

व्हिएन्नाच्या प्राटर मैदानावरून निघणारे बलून फार उंच जात नसत. अधिक उंची हवी तर हायड्रोजन हवा. म्हणून हेस बोहेमियातील औसिग या गावी आले. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव ऊस्ती नाद लाबेम आहे. ७ ऑगस्ट १९१२ च्या सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी ‘बोमेन’ नावाचा, १,६८० घनमीटर हायड्रोजनने भरलेला बलून वर उठला. टोपलीत तिघे होते : बलून हाकणारे लष्करी अधिकारी, हवामानाच्या नोंदी घेणारे एक सहकारी आणि हेस. तीन विद्युतमापक आणि ऑक्सिजनची नळकांडी सोबत होती.

टोपली उघडी. वर चढावे तशी हवा विरळ आणि थंड होत गेली. हेस यांचे काम भिंगातून बारीक तारांकडे पाहत, ठरावीक वेळाने आकडे लिहीत राहण्याचे. सुरुवातीला आकडे थोडे उतरले, जमिनीतल्या किरणांचा वाटा कमी झाल्यामुळे. हजार-दीड हजार मीटरच्या पुढे ते चढू लागले. चढतच राहिले. बलून ५,३५० मीटरपर्यंत पोहोचला. तोवर मोजणी जमिनीवरल्या आकड्याच्या दुपटीपुढे गेली होती. ऑक्सिजन घेऊनही तिथे फार वेळ थांबणे शक्य नव्हते. दुपारी सव्वाबाराला बलून बर्लिनच्या आग्नेयेला पिस्को या गावाजवळ उतरला. सहा तासांत त्याने एका देशातून दुसऱ्या देशात मजल मारली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेस यांनी निष्कर्ष छापला. अत्यंत भेदक असे किरण वरून, वातावरणाच्या बाहेरून येतात. ते दिवसा येतात तसे रात्रीही येतात.

श्रेय कोणाचे, यावर वाद का झाला?

१९१३-१४ मध्ये जर्मनीचे वर्नर कोलहॉर्स्टर नऊ हजार मीटरपेक्षा उंच गेले. त्यांना हेस यांच्याहूनही मोठी वाढ दिसली. एवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विषय मागे पडला.

युद्धानंतर तो अमेरिकेत पुन्हा डोके वर काढतो तो रॉबर्ट मिलिकन यांच्यामुळे. इलेक्ट्रॉनचा भार मोजणारे, १९२३ चे नोबेलविजेते, मोठ्या वजनाचे नाव. त्यांनी आधी हेस यांच्या निष्कर्षावर शंका घेतली. मग १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील डोंगरातल्या तलावांत उपकरणे बुडवून स्वतः मोजणी केली आणि किरण बाहेरूनच येतात हे मान्य केले. त्यांनी या किरणांना दिलेले नाव आज सगळे वापरतात, मराठीत आपण विश्वकिरण म्हणतो. अमेरिकी वृत्तपत्रांनी मात्र त्यांना थेट मिलिकन किरण म्हणायला सुरुवात केली. युरोपात यावरून संताप उसळला आणि हेस यांनाही आपला हक्क मांडणे भाग पडले.

पण या गोष्टीत आणखी एक नाव आहे, ते हेस यांच्या चाहत्यांनीही विसरू नये. इटलीचे डोमेनिको पाचिनी. त्यांनी १९११ मध्ये बलून न वापरता, लिव्होर्नोजवळ समुद्रात तीन मीटर खोल उपकरण बुडवले. पाण्याखाली किरण सुमारे २० टक्क्यांनी घटले. सगळे किरण जमिनीतून येत असते तर असे घडले नसते. पाचिनी यांनी ते इटालियनमध्ये छापले आणि फारशा लोकांनी वाचले नाही. नोबेल समितीने या विषयाची दखल घेतली तेव्हा पाचिनी हयात नव्हते. १९३४ मध्येच ते गेले.

रेडियमने काय वसूल केले?

हेस यांनी १९२० मध्ये मारी बेर्टा वॉर्नर ब्रायस्की यांच्याशी लग्न केले. वर्षभराने दोघे अमेरिकेला गेले. न्यू जर्सीतील ऑरेंज येथे रेडियम बनवणाऱ्या ‘युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन’ कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद हेस यांना मिळाले होते. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुणी याच कंपनीत काम करत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायचा, अशी तिथली पद्धत. पुढे त्यातील कित्येकींचे जबडे सडले, काही मरण पावल्या आणि त्यांचा खटला अमेरिकी कामगार कायद्याच्या इतिहासात गेला. हेस १९२३ मध्येच ग्राझला परतले होते. पण रेडियम हाताळण्याविषयी त्या काळातले सगळेच, शास्त्रज्ञसुद्धा, किती बेफिकीर होते याचा हा पुरावा.

हेस स्वतः सुटले नाहीत. १९३१ मध्ये ते इन्सब्रुकला प्राध्यापक म्हणून गेले आणि शहराच्या डोक्यावरच्या हाफेलेकार शिखराजवळ, सुमारे २,३०० मीटर उंचीवर त्यांनी विश्वकिरण मोजणारे केंद्र उभारले. ते काम भरात असताना, १९३४ मध्ये, वर्षानुवर्षे रेडियम हाताळल्यामुळे बिघडलेला त्यांचा अंगठा कापावा लागला. घशावरही शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये मारी क्युरी गेल्या, त्याही किरणोत्सर्गाने पोखरलेल्या शरीरानिशी.

नोबेल मिळूनही देश का सोडावा लागला?

१९३६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल हेस आणि अमेरिकेचे कार्ल अँडरसन यांना विभागून मिळाले. अँडरसन यांनी विश्वकिरणांतच पॉझिट्रॉन हा कण शोधला होता, म्हणजे हेस यांनी उघडलेल्या दारातून आत जाऊन. उड्डाणानंतर २४ वर्षांनी मिळालेल्या या सन्मानाच्या व्याख्यानासाठी हेस यांनी जो विषय निवडला, तो स्वतःच्या पराक्रमाचा नव्हता. भौतिकशास्त्रातले न सुटलेले प्रश्न आणि विश्वकिरणांच्या अभ्यासात पुढे करायची कामे, हा होता.

१९३७ मध्ये ते ग्राझ विद्यापीठात परतले. त्या वेळी या मध्यम आकाराच्या शहरात तीन नोबेलविजेते एकत्र होते : हेस, १९३६ चेच वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणारे ओटो लोवी आणि क्वांटम सिद्धांताचे एर्विन श्रोडिंगर. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातला. लोवी ज्यू होते. त्यांना अटक झाली आणि नोबेलची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच देश सोडता आला. श्रोडिंगर यांना विद्यापीठातून काढण्यात आले.

हेस कॅथलिक होते, पण त्यांची पत्नी ज्यू वंशाची. शिवाय ते पदच्युत चान्सलर शुशनिग यांच्या बाजूचे मानले जात. त्यांची नोकरी गेली. अटक होणार याची कुणकुण लागताच पती-पत्नी स्वित्झर्लंडला निसटले. ग्राझमधले ते तिघेही वर्षभरात पांगले. विद्यापीठाची एवढी कमाई एका उन्हाळ्यात घालवल्याची दुसरी उदाहरणे सहज सापडणार नाहीत.

१९३८ संपण्यापूर्वी न्यू यॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाने हेस यांना प्राध्यापकपद दिले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. १९४४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

न्यू यॉर्कमध्ये त्यांनी काय केले?

जे आयुष्यभर केले तेच, फक्त जागा वेगळ्या. बलूनऐवजी एम्पायर स्टेट बिल्डिंगचा माथा मिळाला. हिरोशिमानंतर अणुबॉम्बची धूळ अमेरिकेच्या हवेत पोहोचते का, याची तपासणी करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत ते होते. जमिनीखालचे आकडे हवे होते तेव्हा ते मॅनहॅटनच्या भुयारी रेल्वेच्या १९० व्या रस्त्यावरील स्थानकात उतरले. वर जवळपास ५० मीटर खडक असल्याने तिथे आकाशातले किरण फारसे पोहोचत नाहीत आणि खडकाचा किरणोत्सर्ग वेगळा मोजता येतो. पाचिनी पाण्यात गेले, हेस चाळीस वर्षांनी खडकाखाली, युक्ती तीच.

किरणोत्सर्ग शरीराचे काय करतो हे स्वतःच्या हातावर पाहिलेल्या या माणसाने अणुचाचण्यांना विरोध केला. तोही अशा काळात, जेव्हा अमेरिकेत असा विरोध करणे सोपे नव्हते. १९५५ मध्ये पत्नी वारली. तिची शुश्रूषा करणाऱ्या एलिझाबेथ होन्के यांच्याशी त्यांनी पुढे विवाह केला. अखेरची वर्षे कंपवाताशी झगडण्यात गेली. १७ डिसेंबर १९६४ रोजी न्यू यॉर्क शहरालगतच्या माउंट व्हर्नन येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतून सोडलेल्या एका अग्निबाणाने हंस तारकासमूहातून येणारे क्ष-किरण टिपले होते. त्या स्रोताला पुढे ‘सिग्नस एक्स-१’ म्हटले गेले. एक निळा महाकाय तारा, त्याभोवती फिरणारे कृष्णविवर आणि झोत. हेस यांच्या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर त्यांच्या हयातीतच नोंदले गेले होते, फक्त ते उत्तर आहे हे कोणालाच माहीत नव्हते.

हे किरण येतात कुठून, हे शोधणे इतके अवघड का?

हेस आणि मिलिकन दोघेही एका बाबतीत चुकले. त्यांना वाटले हे गॅमा किरण आहेत. १९२७ मध्ये याकोब क्ले यांनी जावा ते नेदरलँड्स अशा बोटीच्या प्रवासात मोजणी केली, तेव्हा विषुववृत्ताजवळ किरण कमी दिसले. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना वळवत होते. चुंबक प्रकाशाला वळवू शकत नाही, विद्युतभारित कणांना वळवतो. विश्वकिरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन, असे हळूहळू सिद्ध झाले.

इथेच खरी अडचण सुरू होते. आकाशगंगेत सगळीकडे क्षीण चुंबकीय क्षेत्र पसरले आहे. प्रोटॉन त्यातून वळत, भरकटत हजारो-लाखो वर्षांनी आपल्यापर्यंत येतो. तो ज्या दिशेने आला ती त्याच्या जन्मस्थानाची दिशा नसतेच. पत्ता नसलेले पाकीट.

पण जिथे कणांना एवढा वेग मिळतो, तिथे ते शेजारच्या वायूवर आणि प्रकाशावरही आदळतात आणि त्या टकरीतून गॅमा किरण निघतात. गॅमा किरणांवर विद्युतभार नाही, ते सरळ रेषेत येतात. म्हणजे हेस ज्यांना गॅमा समजले ते कण निघाले, आणि आता त्या कणांचे घर शोधायला खरोखरचे गॅमा किरणच वापरावे लागतात.

हे गॅमा किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. वातावरणात शिरताच त्यांच्यापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होतात, त्यांच्यापासून पुन्हा गॅमा, पुन्हा जोड्या, असा कणांचा पाऊस पडतो. या पावसाचे गणित १९३७ मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते मुंबईचे होमी भाभा; दुसरे वॉल्टर हाइटलर. पडता पडता हे कण हवेत निळसर प्रकाशाचा क्षणिक लखलखाट करतात, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. मोठे आरसे आणि अतिवेगवान कॅमेरे लावले तर तो टिपता येतो.

नामिबियाच्या खोमास पठारावर, १,८०० मीटर उंचीवर, २००२ पासून असे आरसे उभे राहू लागले. ‘हाय एनर्जी स्टिरिओस्कोपिक सिस्टीम’ या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘हेस’ हे नाव साधले गेले. २०१२ च्या जुलैमध्ये, औसिगच्या उड्डाणाच्या शताब्दीला काही दिवस उरले असताना, २८ मीटर व्यासाच्या पाचव्या दुर्बिणीने पहिला प्रकाश टिपला.

जोडताऱ्यांच्या झोतांत काय सापडले?

विश्वकिरणांचे कारखाने म्हणून पूर्वीपासून संशय होता तो सुपरनोव्हांवर, म्हणजे ताऱ्यांच्या महास्फोटांवर. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच तसे सुचवले होते. या स्फोटांच्या अवशेषांतून गॅमा किरण येतात हे खरे. पण सर्वोच्च ऊर्जेचे कण, म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या कणवेगकातील प्रोटॉनच्या सुमारे दीडशे पट किंवा अधिक ऊर्जेचे, त्यातून निघतात का, याविषयी खात्री देता येईना.

मग नजर वळली झोत सोडणाऱ्या जोडताऱ्यांकडे. २००५ मध्ये हेस दुर्बिणींनी ‘एलएस ५०३९’ या जोडीतून येणारे गॅमा किरण पकडले. पुढच्या वर्षी दिसले की ते ३.९ दिवसांच्या ठेक्यात कमी-जास्त होतात. दोन तारे एकमेकांभोवती फिरायलाही तेवढाच वेळ घेतात. पण त्या जोडीतली दुसरी वस्तू कृष्णविवर आहे की न्यूट्रॉन तारा, झोत आहेत की ताऱ्यांच्या वाऱ्यांची टक्कर, यावर अजून एकमत नाही.

एसएस ४३३ मध्ये असा संभ्रम नाही. तिचे झोत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सापडले. ते भोवऱ्याच्या दांडीसारखे डोलतात, एक हेलकावा १६२ दिवसांचा. २०१८ मध्ये मेक्सिकोतील ‘हॉक’ वेधशाळेने या झोतांच्या दिशेने अतिशक्तिशाली गॅमा किरण येत असल्याचे सांगितले. पण चित्र धूसर होते. हेस दुर्बिणींनी दोनशे तासांहून अधिक काळ पाहून ते स्पष्ट केले.

या झोतांची एक जुनी गंमत होती. जोडीजवळ ते दिसतात, एका प्रकाशवर्षाच्या आतच दिसेनासे होतात आणि सुमारे ७५-८० प्रकाशवर्षे दूर, दोन्ही बाजूंना, क्ष-किरणांत अचानक पुन्हा उजळतात. हेस दुर्बिणींना सर्वाधिक ऊर्जेचे गॅमा किरण नेमके या पुन्हा उजळण्याच्या जागी सापडले. कमी ऊर्जेचे किरण तिथून आणखी बाहेर पसरलेले. याचा अर्थ लावणे कठीण नाही. सर्वात वेगवान इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा सर्वात लवकर गमावतात, त्यामुळे ते जन्मले तिथेच संपतात; मंद असणारे लांब जातात. म्हणजे त्या जागी झोताचा वेग एकदम मोडतो, धक्क्याची लाट उभी राहते आणि तीच कणांना उसळी देते. तिथे झोताचा वेग प्रकाशाच्या जेमतेम ८ टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो, असे गणित सांगते.

मात्र हे झाले इलेक्ट्रॉनविषयी. विश्वकिरणांत बहुसंख्य प्रोटॉन आहेत. चीनच्या सिचुआन प्रांतातील, ४,४१० मीटर उंचीवरच्या ‘लासो’ वेधशाळेने अशा पाच जोड्यांतून गॅमा किरण टिपल्याचे २०२४ च्या अखेरीस सांगितले. त्यात एसएस ४३३ आहे आणि हेस यांच्या शेवटच्या वर्षी नोंदली गेलेली सिग्नस एक्स-१ देखील. धनू तारकासमूहातल्या ‘व्ही ४६४१’मधून आलेल्या किरणांची ऊर्जा तर ८०० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत गेली; डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा कण दोन-तीन व्होल्टांचा असतो. एसएस ४३३ जवळ सर्वोच्च ऊर्जेचे किरण एका प्रचंड वायुमेघाच्या जागी दिसतात. प्रोटॉन वायूवर आदळून निघणारे गॅमा किरण असेच दिसायला हवेत. आकाशगंगेतल्या सर्व विश्वकिरणांत अशा मोजक्या जोड्यांचा वाटा किती, हा हिशेब मात्र अजून लागायचा आहे.

त्या हिशेबात आता भारतही आहे. लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली, २१ मीटर व्यासाच्या आरशाची ‘मेस’ ही गॅमा दुर्बीण ४ ऑक्टोबर २०२४ रोजी रीतसर सुरू झाली. ती सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. ‘बोमेन’ बलूनने गाठलेल्या उंचीपेक्षा साधारण एक किलोमीटर खाली.